उसनी केबल

दिवा मोहरीएवढा होता. लाल. तो लागला तेव्हा पंखे फिरत होते, ट्रे कलत होते, बायका टेबलाशी अंडी निवडत गप्पा मारत होत्या, आणि ताईशिवाय कोणाच्या काही ध्यानात आलं नाही.

माझी ताई एका हॅचरीत इलेक्ट्रिशियन आहे. कोंबडीची अंडी यंत्रात उबवायची आणि एका दिवसाची पिल्लं विकायची, हा तिथला धंदा. चार बंद खोल्या, प्रत्येकीत दहा हजार अंडी. आत साडेसदतीस अंश, त्यात अर्ध्या अंशाचीही सूट नाही. दर तासाला सगळे ट्रे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलतात. कोंबडी बसल्याबसल्या चोचीने अंडी फिरवत असते, तेच हे. न फिरवलेल्या अंड्यातला जीव कवचाला चिकटतो आणि तिथेच राहतो. ऊब, ओल, वारा, कलणं, या सगळ्याकडे लक्ष ठेवतो तो भिंतीवरच्या लोखंडी कपाटातला एक कंट्रोलर. कागदोपत्री पीएलसी. एकदा त्याच्यात प्रोग्रॅम भरला की तो त्याप्रमाणे मुकाट राबत राहतो. आकाराने शाळेच्या डब्याएवढा, म्हणून हॅचरीत त्याला डबाच म्हणतात. आणि ताईला म्हणतात टेस्टरबाई, कारण टेस्टर ती अंबाड्यात खोचते. खिशावर तिचा विश्वास नाही.

लाल दिवा या डब्याच्या कपाळावर होता आणि त्याचा अर्थ एकच होता: आतली बॅटरी संपत आली. वीज गेली तरी डब्याला आपलं काम आठवत राहावं म्हणून ती बॅटरी असते. ती मेली आणि त्याच वेळी वीज गेली, तर डबा सगळं विसरणार. आणि त्या प्रोग्रॅमची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडेच होतो. ती ताटावर बसली आणि बसूनच राहिली. भावोजींचं चष्म्याचं दुकान आहे. समोरच्याला काय दिसत नाही ते ओळखण्यात त्यांचा जन्म गेला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"डब्याची बॅटरी चाललीये."

"मग बदल."

"बदलायला डबा भिंतीवरून काढावा लागतो. काढायचा म्हणजे त्याची वीज तोडायची. वीज तोडली की त्याने त्याच बॅटरीवर तग धरायचा, आणि तिच्यात जीव नाही."

"म्हणजे रोग्याला दवाखान्यात चालतच न्यायचं, आणि चालला की मरणार."

"तसंच."

"माझाही दिवा लागलाय केव्हाचा," भावोजी म्हणाले, "पण आमच्या कपाळाकडे बघतंय कोण."

ती हसली नाही. चार दिवसांनी भांडी घासताना एकटीच हसली, आणि का हसतेस विचारल्यावर म्हणाली, काही नाही.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझ्या दुकानात वीज जाण्यावरचा उपाय म्हणजे यूपीएस, तर दुसऱ्या दिवशी मी एक यूपीएस उचलून हॅचरीत गेलो. ताईने तो हातात घेतला, वजन पाहिलं, आणि खाली ठेवला.

"आणि लावू कसा? मधे बसवायचा तर एकदा तार तोडावीच लागेल ना."

सगळ्या उपायांच्या दारात तोच एक क्षण उभा होता, वीज तोडण्याचा.

आधी प्रोग्रॅम बाहेर काढून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, मग काय वाट्टेल ते करा. पण तो बाहेर काढायला त्या कंपनीची स्वतःची केबल लागत होती. दुसरी कुठलीही चालत नाही; डब्याचं तोंडच तशा आकाराचं केलेलं असतं. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. हे मॉडेल बंद झालंय, केबल मागवावी लागेल, सहा आठवडे, सगळे पैसे आगाऊ, आणि मिळेलच असं नाही. किंमत ऐकून मी तिला पुन्हा विचारलं. तेवढ्यात जुनी स्कूटर आली असती.

ताई म्हणाली, "मला तेव्हाच कळायला हवं होतं."

तेव्हा म्हणजे नऊ वर्षांपूर्वी. ती नोकरीला लागून दोन महिने झाले होते. मालकांनी तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन डबे होते, दोन कंपन्यांचे. एक महाग होता. त्याची केबल कुठल्याही दुकानात मिळणारी. दुसरा निम्म्या किमतीत होता आणि त्याच्या शेजारी त्याचा विक्रेता बसला होता, इस्त्रीचा शर्ट, बोटात अंगठी, प्रत्येक वाक्याआधी 'ताई'. मालक म्हणाले, "बाई, मला यातलं कळत नाही. तुम्ही सांगाल तो."

बाई माणूस इलेक्ट्रिशियन म्हणून ठेवली, याबद्दल मालकांना आधीच चार लोक बोलले होते. ते तिच्या कानावर होतं. निम्म्या किमतीत काम करून दाखवायची संधी तिने सोडली नाही. तरी तिने विचारलं होतं, याची केबल केवढ्याला. विक्रेता हसला. "केबलचं काय घेऊन बसलात ताई, मी आहे ना."

आणि तो होता. त्याने केबल आणली, तीन दिवस तिच्या शेजारी बसून प्रोग्रॅम भरायला शिकवलं. पुढच्या दोन वर्षांत चार वेळा तिला काही बदल करावेसे वाटले, तेव्हाही एका फोनवर आला. केबल पिशवीतून काढायचा, काम झालं की पिशवीत घालायचा. फाइल त्याच्याच लॅपटॉपवर राहायची. मग त्याचं दुकान बंद झालं, नंबर लागेनासा झाला, आणि तो कुठे गेला ते कोणाला सांगता येईना. 'मी आहे ना' हाही एक सुटा भाग होता आणि तो कुठेच मिळत नव्हता.

मी बाजारातून नकली केबल आणली. विसाव्या हिश्शात. ताईने ब्लेड घेऊन तिच्या टोकाचं प्लास्टिक उभं चिरलं, मासा उघडतात तसं. आत पाच तारा होत्या.

"बघ. मधे काहीच नाही. अस्सल केबलीत एक पट्टी असते. तुझ्या कॉम्प्युटरची वीज आणि डब्याची वीज एकमेकींना भिडू नयेत म्हणून. इथे दोघींना एकाच खोलीत कोंडलंय."

"चालेलही कदाचित."

"चालली तर चालली. नाही चालली तर डब्याचं तोंड जळेल. मग अस्सल आणली तरी घास कुठून भरवशील?"

"आणि अस्सल केबलीत त्या पट्टीशिवाय काय असतं एवढं?"

"काही नाही. पाच तारा आणि नखाएवढी पट्टी."

"मग एवढी किंमत कशाची?"

"दार अडवून बसण्याची," ती म्हणाली आणि केबल माझ्या पिशवीत परत टाकली.

त्यानंतरचे दिवस वीज जाण्याचे होते. म्हणजे वीज पूर्वीही जायची, पण आता दिवस तिच्या जाण्यावरून मोजायची वेळ आली. मेनची वीज गेली की जनरेटर आठ सेकंदांनी उचलतो. आठ सेकंदांत अंडी थंड होत नाहीत. पण तेवढ्या वेळात डबा त्या मरणोन्मुख बॅटरीच्या भरवशावर. माझं दुकान हॅचरीच्याच लाइनीवर आहे. दुकानातले स्क्रीन विझले की मी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मनात आठ मोजायचो. थोड्या वेळाने फोन वाजायचा.

"आठवतंय त्याला," ताई सांगायची आणि ठेवून द्यायची.

असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आठवतंय," आणि फोन न ठेवता तशीच थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तिच्यामागे पंख्यांचा.

या काळात तिने मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "नवीन घेऊ दुसरा." ती म्हणाली, घ्या, पण हा लॉट यंत्रात आहे तोवर नवा लावता येणार नाही आणि नव्यातही भरायला प्रोग्रॅम लागेलच. मालक थोडा वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "बाई, हा तुम्हीच निवडला होतात ना?" आवाज चढवला नाही. तिला ते चढवून बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बाटलीवाला मला सापडला. शीतपेयाच्या कारखान्यात मेन्टेनन्सला होता, रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेलं. त्याच्या बाटल्या भरणाऱ्या लाइनवर हाच डबा होता आणि कारखान्याने त्या काळी केबलही घेतली होती. केबल द्याल का विचारल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मी त्याची किडनी मागितली.

"देणार नाही. घेऊन येईन," तो म्हणाला. "केबल नाही ही, सासुरवाशीण आहे. एकटी पाठवत नाही कुठे. दोन तास. त्याच्यावर एक मिनिट नाही."

तो आला तो सकाळी दहाला. अंडी भरून नववा दिवस होता. केबल टॉवेलात गुंडाळून आणली होती. जाडजूड माणूस, मनगटावर लोखंडी पट्ट्याचं रुंद घड्याळ. ताईने त्याला चहा विचारला.

"आधी लगीन केबलचं, ताई."

ताईची तयारी दोन दिवसांपासून चाललेली. कपाटाच्या दाराला मेनचं मोठं हँडल आहे, आणि ते बंद केल्याशिवाय दार उघडत नाही अशी त्याची रचना. चालू विजेत कोणी हात घालू नये म्हणून तिनेच मागे लागून तसं कपाट करून घेतलेलं. आता तेच कुलूप तिला चकवायचं होतं. हँडलच्या कडेला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की चालू विजेतही दार उघडतं. हँडलवर तिने कागद चिकटवला होता: हात लावू नये. पाळीतल्या प्रत्येकाला तोंडीही सांगितलं होतं. बायकांना बजावलं होतं की आज कपाटाकडे फिरकायचं नाही. सगळ्यांना सांगून झालं होतं. स्वतःला सांगायचं कोणाला सुचत नाही.

स्क्रू फिरला, दार उघडलं. आत डबा, त्याचा लाल दिवा, आणि डब्याच्या खाली वीतभर अंतरावर तांब्याच्या तीन उघड्या पट्ट्या. चारही खोल्यांची वीज त्यांच्यातून जात होती. त्यांच्यावर झाकण असायला हवं, ते दोन वर्षांपूर्वी फुटलं होतं.

मी माझा जुना लॅपटॉप स्टुलावर मांडला. असली केबल घ्यायचं भोक नव्या लॅपटॉपला नसतं. बाटलीवाल्याने केबलचं एक टोक त्याला लावलं, दुसरं हातात धरलं आणि चष्मा कपाळावर सरकवून कपाटात वाकला.

"मी लावते दादा," ताई म्हणाली.

"तुम्ही राहू द्या. हिचे नखरे मलाच माहीत."

डब्याचं तोंड खालच्या बाजूला असतं. त्याने हात खालून वळवला. केबल शिरेना. त्याने मनगट आणखी खाली नेलं. घड्याळाचा पट्टा ढिला होता. तो घसरून मनगटाच्या हाडावर आला आणि पट्टीच्या वर लोंबायला लागला. बोटभर अंतर असेल. मी ते पाहिलं, आणि मला काही वाटायच्या आत खाडकन आवाज झाला.

ताईने हँडल ओढलं होतं.

चारही खोल्यांच्या पंख्यांची वीज एकदम तुटली. तो आवाज थांबतो कसा ते मी तोवर ऐकलं नव्हतं. आधी सूर खाली येतो, मग पाती वेगळी ऐकू यायला लागतात, मग एकेक पातं, मग नाही. बायकांच्या गप्पा मधेच तुटल्या. ताईचा एक हात हँडलवर होता आणि दुसऱ्याने तिने बाटलीवाल्याचा दंड धरून त्याला मागे खेचलं होतं. कागद तिच्या मुठीत चुरगळला होता.

"बंद का केलं?" बाटलीवाला ओरडलाच.

"तुमचं घड्याळ."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग पट्ट्यांकडे. मग पुन्हा घड्याळाकडे, जणू कोणी त्याला वेळ विचारली होती.

आयटीआयच्या पहिल्या दिवसापासून अठ्ठावीस वर्षं तिच्या हाताला एकच गोष्ट शिकवलेली: माणूस विजेजवळ गेला की आधी मेन बंद, मग बाकी. तो हात काही तिला विचारून थोडाच जाणार होता.

अर्धं मिनिट गेलं असेल. तिने हँडल वर केलं. वीज आली. पण पंखे आले नाहीत. डब्यावरचा, काम चालू असल्याचा हिरवा दिवा लागला नाही. लालच्या शेजारी आणखी एक लाल लागला. बाटलीवाल्याने या वेळी घड्याळ काढून खिशात टाकलं, केबल लावली, आणि मी लॅपटॉपवर प्रोग्रॅम मागवला. पडदा भरून यायला हवा होता. आली ती एक ओळ, आणि तिच्यात लिहिलं होतं की आत काही नाही.

ताई म्हणाली, "विसरला."

ती मटकन बसली वगैरे नाही. ती खोल्यांकडे धावली. प्रत्येक खोलीबाहेर हीटर, पंखा आणि ट्रे यांची हाताने चालवायची बटणं असतात. तिने चार खोल्यांना चार बायका उभ्या केल्या. सगळ्यात वयस्कर मावशींना म्हणाली, "मावशी, थर्मामीटरवरून डोळा काढायचा नाही. साडेसदतीसला हीटर बंद, खाली आला की चालू. ट्रे मी ओरडले की कलवायचे."

"म्हणजे आता आम्हीच कोंबड्या," मावशी म्हणाल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

मग ती परत आली, स्टुलासमोर जमिनीवर बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. बाटलीवाला टॉवेल चोळत उभा होता.

"दादा, दोन तास म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मला जास्त लागतील."

त्याने कारखान्याला फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसला.

नऊ वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम तिला पाठ नव्हता. तो कोणालाच पाठ नसतो. पण यंत्र काय करतं ते तिला माहीत होतं, आणि ते तिला कानाने माहीत होतं. ती डोळे मिटायची, ओठ हलवायची, मग टाइप करायची. "ट्रे कलायच्या आधी पंखा मंद होतो. किती? एक... दोन... तीन. तीन सेकंद." "दार उघडं राहिलं तर घंटा वाजते, पण लगेच नाही, ट्रॉली आत जाईपर्यंत थांबते." बाटलीवाला मधे मधे म्हणायचा, ही ओळ अशी नाही चालणार, तशी लिहा. एकदा त्याने विचारलं, "ओल कमी झाली की फवारा किती वेळ?" ते तिला आठवेना. तिने आत ओरडून विचारलं, "मावशी, फवारा सुरू झाला की तुम्ही काय करता?"

"पाच पावलं मागे जाते. तेवढ्यात थांबतो."

"चालून दाखवा."

मावशींनी पाच पावलं चालून दाखवली आणि मी घड्याळ लावलं. चार सेकंद. ते तिने लिहिलं.

एक वाजता मालक आले. कपाट उघडं, बायका बटणांशी, परका माणूस जमिनीवर, हे सगळं त्यांनी दारातून पाहिलं. ताईने मान वर न करता सांगितलं, काय झालं आणि कोणी केलं. "मीच हँडल ओढलं," ती म्हणाली. बाटलीवाला घाईने म्हणाला, "माझ्यामुळे ओढलं." मालकांनी विचारलं, "अंडी?" ती म्हणाली, "आत्तापर्यंत ठीक. पुढचं एकविसाव्या दिवशी." मालक खुर्ची आणवून तिथेच बसले. त्यांच्या बसण्याने ती दोनदा चुकली.

साडेपाचला हिरवा दिवा लागला. पंखे फिरले, ट्रे कलले. नवी बॅटरी आठवड्यापासून तिच्या कप्प्यात होती, ती तिने प्रोग्रॅम भरण्यापूर्वीच बसवली, माझा यूपीएसही जोडला; गमवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे हात मोकळे होते. प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर घेतला, तीन पेनड्राइव्हवर घेतला. बाटलीवाल्याने केबल टॉवेलात गुंडाळली. जाताना म्हणाला, "ताई, माझ्या बायकोला काय सांगू?"

"पोट बिघडलं होतं म्हणा."

आता सुटलो असं मला वाटलं. ताईला वाटलं नाही. ती रोज जादा दोन तास थांबायला लागली. खोल्यांच्या मधल्या बोळात स्टूल टाकून ऐकत बसायची. "काहीतरी राहिलंय," म्हणायची. काय, ते सांगता येत नव्हतं. भावोजी म्हणाले, "राहिलं असेल तर दिसेल." ती म्हणाली, "दिसेल तेव्हा काय उपयोग."

तेराव्या दिवशी दुपारी वीज गेली. मी तिला डबा द्यायला गेलो होतो, जेवणाचा. आठ सेकंदांनी जनरेटर घुर्रर करून उठला, आणि उठता उठता त्याचा आवाज घशात अडकल्यासारखा खाली गेला. दिवे पिवळे पडले. जनरेटर बंद. पुन्हा सुरू, पुन्हा तेच. ताई एक क्षण नुसती उभी राहिली, मान एका बाजूला करून.

"हीटर," ती म्हणाली. "चारही एकदम वीज मागताहेत."

ती धावत गेली, तीन खोल्यांचे हीटर बटणावरून बंद केले, जनरेटर उचलल्यावर एकेक करून दहा-दहा सेकंदांनी चालू केले. परत आली तेव्हा घामाने भिजली होती आणि तिला सगळं आठवलं होतं. सात वर्षांपूर्वी जनरेटर असाच बसला होता. तेव्हा तिने विक्रेत्याला बोलावून ती ओळ घातली होती: वीज परत आली की हीटर एकामागून एक. त्यानंतर जनरेटर कधी बसलाच नाही. जे पुन्हा कधी झालं नाही ते ती विसरून गेली. ओळ आपलं काम चोख करत होती, म्हणून.

बाटलीवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. "या वेळी काय बिघडवू, डोकं?" असं ताईला फोनवर विचारून त्याने रजा टाकली होती. ती ओळ वीस मिनिटांत लिहून झाली. मग तो ताईला म्हणाला की दर वेळी मला बोलावून भागणार नाही, स्वतःची केबल घ्या; ते तिने मालकांना सांगितलं, आणि मालकांनी पेपरवेट न फिरवता कंपनीला पैसे पाठवले. सहा आठवडे सांगितलेली केबल सहाव्या दिवशी आली. पैसे आधी पोचले की वस्तू जवळची होते.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. नेहमीपेक्षा शेकड्यामागे दोन कमी. मालक म्हणाले, "चालायचंच." मावशी म्हणाल्या, "आम्ही उबवली त्या मानाने चांगली आहेत." ताई फुटलेली कवचं आणि न फुटलेली अंडी यांच्या ट्रेपाशी उभी होती. न फुटलेल्यांपैकी चार तिने फोडून पाहिली. त्यांतल्या दोन अंड्यांतला जीव कवचाला चिकटला होता. त्या दिवशीचा असेल, किंवा नसेल. अशी दोन-चार प्रत्येक लॉटमध्ये असतातच.

संध्याकाळी ती मालकांकडे गेली. मी केबलचं सॉफ्टवेअर बसवायला आलो होतो, म्हणून ऐकायला होतो.

"पुढची अंडी परवा येताहेत ना?"

"हो. उद्या धुलाई, परवा भरणी."

"भरणी एक दिवस पुढे ढकला."

"कशाला?"

"वीज घालवायला."

मालकांनी चष्मा काढला. "बाई, आतापर्यंत वीज जाऊ नये म्हणून जागलो आपण."

"यंत्र रिकामं आहे तोवरच विचारता येतं त्याला, तुला काय आठवत नाही म्हणून. भरलेलं असताना विचारलं तर चाळीस हजार जीव उत्तर देतात." मग म्हणाली, "मी निवडलाय ना तो. मलाच विचारू द्या."

एक रिकामा दिवस म्हणजे काय ते मालकांच्या चेहऱ्यावर उमटत होतं. शेवटी म्हणाले, "एकच दिवस."

तिने वहीत नऊ प्रकार लिहून आणले होते. ट्रे अर्धे कललेले असताना वीज गेली तर. दार उघडं असताना गेली तर. लागोपाठ दोनदा गेली तर. जनरेटर आलाच नाही तर. मावशींना एका खोलीपाशी उभं केलं, मला घड्याळ घेऊन दुसरीपाशी. रिकाम्या खोल्यांत पंख्यांचा आवाज वेगळा येतो, पोकळ. ताईने कपाटासमोर उभं राहून एकदा आम्हा दोघांकडे पाहिलं आणि हँडल खाली ओढलं.

पहिले दोन प्रकार नीट गेले. तिसऱ्याला, वीज परत आल्यावर, मावशी आतून म्हणाल्या, "अगं, इकडे फवारा थांबतच नाही."

आम्ही धावलो. रिकाम्या ट्रेंवर पाणी टपटपत होतं. पाच पावलं झाली, दहा झाली, तरी थांबलं नाही. ताई ते पाहत उभी राहिली. अंडी असती तर काय झालं असतं, हे तिच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं. मग तिने फवारा हाताने बंद केला, अंबाड्यातून टेस्टर न काढता कपाटाकडे गेली, केबल लावली आणि स्टुलासमोर बसली.

"हेही विसरले होते," ती म्हणाली. "लिहून घे. अजून सहा राहिलेत."